दास्याचे भय रक्तातून येत नाही

आजच्या व्याख्यानास मी जो विषय घेतला आहे तो परदेशातील आहे. परंतु तो आपणांस परका नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांची गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपुष्टात आली. ज्यांनी ती स्वतः भोगली त्यांच्यापैकी आज कोणीही हयात नाही. तरीसुद्धा त्यांच्या वंशजांच्या मनावर तिचा परिणाम टिकून आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोहोचला, हा प्रश्न त्या देशातील विद्वान, न्यायालये आणि सामान्य आईबाप यांच्यापुढे दीर्घकाळ उभा आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेच्या दिवशी आपण जुने सोडल्याचे जाहीर केले. परंतु जुने मन एका दिवसात सुटते काय, असे आपण स्वतःस कधी ना कधी विचारले असेलच. म्हणून ज्यांनी हा प्रश्न आपल्याआधी सोसला, त्या लोकांचा इतिहास आपण नीट पाहावा, असे मला वाटते.

या दोन इतिहासांची सांगड मी आज प्रथम घालीत आहे असे नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. अस्पृश्यता आणि गुलामगिरी या दोन गोष्टी एकच आहेत असे मात्र कोणी समजू नये. गुलाम हा मालकाची मालमत्ता होता. अस्पृश्य हा कोणाचीच मालमत्ता नव्हता आणि म्हणून त्याची काळजीही कोणास नव्हती. हा फरक खुद्द बाबासाहेबांनी आपल्या लेखनात स्पष्ट केला आहे. आज मला तुलना करावयाची आहे ती एवढ्याच गोष्टीची, की ज्या माणसास पिढ्यान्‌पिढ्या हीन ठरविले त्याच्या लेकरांच्या मनाचे पुढे काय होते.

कायद्याने मनावर घातलेला घाला

मी वकील आहे. तेव्हा प्रथम कायद्याकडे पाहतो. व्हर्जिनिया या वसाहतीने १६६२ साली असा कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या परंपरेत मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. ती परंपरा येथे मुद्दाम उलटी केली. परिणाम असा झाला की गुलाम स्त्रीच्या पोटी खुद्द मालकापासून झालेले मूलही मालकाची मालमत्ता ठरले. गुलामांच्या विवाहास कायद्यात स्थान नव्हते. म्हणून नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी विकण्यास कोणतीही अडचण नव्हती. साउथ कॅरोलायनाने १७४० साली गुलामास लिहावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. व्हर्जिनियाने १८३१ साली कृष्णवर्णीयांना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी सभा भरविण्यास बंदी घातली. १८५७ साली ड्रेड स्कॉट याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की आफ्रिकी वंशाचा मनुष्य त्या देशाचा नागरिक होऊच शकत नाही.

१८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या ३९ लाख ५० हजारांहून अधिक भरली. परंतु त्या नोंदवह्यांत त्यांची नावे नाहीत. मालकाचे नाव, आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण, एवढेच. या लोकांची नावे सरसकट शिरगणतीत आली ती प्रथम १८७० साली. म्हणून आज एखाद्या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने आपले पूर्वज शोधावयास घेतले, की बहुधा १८७० पाशी येऊन त्याचा मार्ग खुंटतो. त्यामागे मालकाची मालमत्ता आहे, माणसे नाहीत.

हे कायदे मी सांगतो ते एवढ्यासाठी की त्यांच्या कर्त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लक्षावधी माणसांना केवळ साखळीने बांधून ठेवता येत नाही. त्यांचे मनही बांधावे लागते. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम म्हणून १८१८ च्या सुमारास मेरीलँडमध्ये जन्मला. आपला जन्मदिवस त्यास कधीच कळला नाही. बाल्टिमोर येथील मालकिणीने त्यास मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला थांबविले. कारण शिकलेला गुलाम हा गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे त्याचे म्हणणे. ते बोलणे मुलाने ऐकले, आणि सुटकेची वाट कोणती हे त्यास त्याच दिवशी उमगले. १८३८ साली तो निसटला आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचा त्या देशातील मोठा वक्ता झाला. मालकांची बाजू सांभाळणारे विद्वानही होते. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने असे प्रतिपादन केले की गुलाम पळून जातो तो एका मानसिक रोगामुळे! स्वातंत्र्याची इच्छा म्हणजे आजार, हे त्या काळचे वैद्यकशास्त्र होय.

भीती हे एके काळचे शहाणपण होते

आता अशा स्थितीत मूल वाढविणाऱ्या आईचा विचार करा. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख गुलामांना जुन्या राज्यांतून दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात नेण्यात आले. त्यांतील पुष्कळांस बाजारात विकूनच नेले. समजा, मालक किंवा पाहुणा म्हणतो, "हा मुलगा चलाख दिसतो." ही स्तुती ऐकून आईच्या पोटात गोळा उठतो, कारण चलाख मुलास किंमत येते आणि किंमत आलेले मूल विकले जाते. ती लगेच म्हणते, "कसला चलाख! आळशी आहे, मठ्ठ आहे." मूल हे शेजारी उभे राहून ऐकते. ते मान वर करून बोलले तर तीच त्यास मारते, कारण तिने मारले नाही तर मुकादमाचा चाबूक बसेल, आणि आईच्या हातापेक्षा तो फार कठोर आहे.

या आईस आपण भित्री म्हणावे काय? मी म्हणणार नाही. तिचे भय हे शहाणपण होते; त्या भयानेच तिचे मूल तिच्याजवळ राहिले. परंतु त्या मुलीने मोठेपणी आपल्या मुलास तेच ऐकविले, तिच्या मुलीने पुढे तेच केले, आणि मुलांचा बाजार उठून गेल्यावरही घरातले बोलणे तसेच राहिले, तर काय होईल? जे संरक्षण होते तेच ओझे होईल. डॉ. जॉय डिग्रूय या कृष्णवर्णीय विदुषीने २००५ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तिच्या प्रतिपादनात या प्रकारच्या उदाहरणास मोठे स्थान आहे: आई आपल्या लेकराची स्तुती का स्वीकारीत नाही, याचे मूळ ती त्या काळात शोधते.

हाच धागा आफ्रिकेतही सापडतो. नॅथन नन आणि लेनर्ड वांचेकॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखविले की ज्या जमातींतून गुलाम म्हणून अधिक माणसे पळविली गेली, त्यांच्या आजच्या वंशजांचा आप्तांवर, शेजाऱ्यांवर व स्थानिक कारभारावर इतरांपेक्षा कमी विश्वास आहे. याचे कारण उघड आहे. पुढे पुढे माणसे धरून देणारे पुष्कळदा शेजारी, कधी तर नातलगही असत. ज्या मुलखात शेजारी विकतो तेथे संशय हीच सावधगिरी होय, आणि बाप ती मुलास शिकवितो. अखेरचे जहाज जाऊन शंभर-दीडशे वर्षे लोटली तरी धडा चालू राहतो.

परंतु कारण खरोखर नाहीसे झाले होते काय?

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे दोष त्या लोकांच्या सवयीचाच! बेडी तुटली, आता भय सोडणे त्यांच्याच हाती होते." हा युक्तिवाद आपणही आपल्या गावी ऐकला असेल. तो मी खोडून काढू इच्छितो, आणि तो पुराव्यानेच खोडता येतो.

६ डिसेंबर १८६५ रोजी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरी बंद झाली. परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी घेण्यास त्याच कलमात मोकळीक ठेवण्यात आली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदे केले की कामाचा लेखी करार जवळ नसलेल्या कृष्णवर्णीयास भटक्या म्हणून पकडावे, दंड करावा आणि दंड न भरल्यास मजुरीस जुंपावे. चौदाव्या दुरुस्तीने १८६८ साली नागरिकत्व दिले, पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली मताचा अधिकार दिला. पण १८७७ साली दक्षिणेतील केंद्राच्या सैन्याचे संरक्षण काढून घेताच ते हक्क कागदावर राहिले. १८९६ साली प्लेसी याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीत वर्णावरून निराळे डबे ठेवणे वैध ठरविले. १८७७ ते १९५० या काळात चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याच्या घटना नोंदविल्या गेल्या आहेत. कित्येकदा कारण एवढेच असे की मनुष्य बरोबरीच्या नात्याने बोलला.

विश्वास टाकणाऱ्यांचे काय झाले तेही पाहा. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली सरकारच्या सनदेने एक बचत बँक निघाली. लोकांनी घामाचे पैसे तिच्यात ठेवले. गोऱ्या चालकांच्या गैरव्यवहाराने ती १८७४ साली बुडाली आणि सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. पुढे १९३२ पासून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांतील ३९९ जणांस उपदंशाचा रोग होता. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीनचा उपाय सर्वत्र रूढ झाल्यावरही तो त्यांना देण्यात आला नाही. रोगाने शरीर कसे खंगते ते पाहत राहिले. १९७२ साली ही गोष्ट उघडकीस आली तेव्हा अभ्यास बंद झाला. राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती १९९७ साली. आता कृष्णवर्णीय म्हातारा दवाखान्यात जाण्यास कचरतो, तेव्हा ही गुलामगिरीच्या काळची खुळी भीती म्हणावयाची, की कालपरवाचा अनुभव म्हणावयाचा?

माझा मुद्दा असा आहे. जुने भय मुलांच्या मनात उरले ते केवळ आजीने शिकविले म्हणून नव्हे. प्रत्येक पिढीत कोणी तरी येऊन आजीचे म्हणणे खरे करून दाखविले, म्हणून ते उरले. जखम भरू लागली की तीवरची खपली काढावयाची आणि मग म्हणावयाचे, याचे रक्तच वाईट आहे!

बाहुल्यांची साक्ष

एक काळी बाहुली आणि एक गोरी बाहुली यांची साक्ष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, ती हकिकत प्रत्येक आईबापाने ऐकण्यासारखी आहे. केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क हे दोघेही कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. त्यांनी लहान मुलांपुढे रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या अशा बाहुल्या ठेवल्या आणि विचारले: चांगली कोणती? वाईट कोणती? तुला खेळावयास कोणती हवी? आणि शेवटी, तुझ्यासारखी कोणती? साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात, जेथे मुलांच्या शाळा वर्णावरून वेगळ्या होत्या, तेथील खटल्यासाठी क्लार्क यांनी १९५१ साली १६ कृष्णवर्णीय मुलांस हे प्रश्न विचारले. त्यांतील १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. ११ जणांनी काळी बाहुली वाईट दिसते असे म्हटले. क्लार्क दांपत्याच्या आधीच्या प्रयोगांत शेवटचा प्रश्न विचारल्यावर काही मुले रडू लागली, काही खोली सोडून निघून गेली.

गुलामगिरी संपून तेव्हा ८६ वर्षे झाली होती. या मुलांनी चाबूक पाहिला नव्हता. त्यांना कोणी ओळीने बसवून "तुम्ही हलके आहात" असे शिकविले नव्हते. शाळेची इमारत कोणाची कशी आहे, बापास कोण कोणत्या शब्दाने हाक मारतो, चित्रांच्या पुस्तकात कोण आहे आणि कोण नाही, यांवरून ती शिकली. ड्यू बॉइस यांनी १९०३ सालीच लिहून ठेवले होते की कृष्णवर्णीय मनुष्य स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेने पाहतो. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निवाडा सांगितला की मुलांस वर्णामुळे वेगळे काढल्याने त्यांच्या मनात हीनपणाची भावना उत्पन्न होते आणि ती पुसून टाकणे कदाचित कधीच शक्य होणार नाही. म्हणून वेगळ्या शाळा घटनाविरोधी आहेत. त्या निवाड्यातील टिपेत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे.

तथापि या साक्षीची दुसरी बाजूही मी आपणांपासून लपविणार नाही. उत्तरेकडील ज्या शाळांत गोरी आणि काळी मुले एकत्र शिकत होती, तेथील कृष्णवर्णीय मुलांनीही बहुधा गोरीच बाहुली निवडली होती. म्हणजे शाळेचे दार उघडले एवढ्याने काम भागत नाही. पण याच साक्षीतून आशेचाही मुद्दा निघतो. सहा-सात वर्षांचे मूल जी गोष्ट शिकून आले ती त्याच्या रक्तातली नव्हे. जे शिकविले गेले त्याच्या जागी दुसरे शिकविता येते.

मोडलेली माणसे, हा आरोप

या विषयात एक मोठा खळगा आहे. गुलामगिरीचे परिणाम सांगता सांगता काही विद्वान असे सांगू लागले की या लोकांचे मन कायमचे मोडले आहे. १९५९ साली स्टॅन्ली एल्किन्स या इतिहासकाराने लिहिले की गुलामगिरीने माणसास लहान मुलासारखे परावलंबी करून टाकले. १९६५ साली सरकारी अधिकारी डॅनियल मॉयनिहन यांनी आपल्या अहवालात कृष्णवर्णीयांच्या कुटुंबाची विस्कळीत अवस्था गुलामगिरीशी जोडली. हेतू कोणताही असो, ऐकणाऱ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: दोष आपल्या कायद्यांत नाही, दोष त्यांच्या घरात आहे. वर सांगितलेल्या डिग्रूय यांच्या ग्रंथावरही हाच आक्षेप घेतला गेला, की साऱ्या समाजास रोगी ठरविणे धोक्याचे आहे. अलीकडे कोणी म्हणतात की पूर्वजांच्या यातनांची खूण शरीराच्या सूक्ष्म घटकांतून पुढील पिढीत उतरते. अशी काही छोटी संशोधने झाली आहेत. परंतु त्यांच्या आधारे गुलामांच्या वंशजांविषयी असा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा पुढे आलेला नाही. कार्टराइट डॉक्टरनेही स्वातंत्र्याच्या इच्छेस रोगच म्हटले होते, हे आपण विसरू नये.

आता उलटतपासणी घेऊ. हे लोक मोडले होते तर मुक्त होताच त्यांनी काय केले? त्यांनी ताटातूट झालेली माणसे शोधली. वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या: माझी आई अमुक मालकाकडे होती, तिला अमुक गावी विकले, कोणास ठाऊक असल्यास कळवावे. अशा जाहिराती चाळीस वर्षांनंतरही छापून येत होत्या. ज्यांच्या विवाहास कायदा मानीत नव्हता अशा हजारो जोडप्यांनी १८६६ साली नॉर्थ कॅरोलायनात कचेरीत जाऊन आपल्या संसाराची नोंद करविली. अशा कागदपत्रांचा ढीग अभ्यासून हर्बर्ट गटमन यांनी १९७६ साली दाखवून दिले की विक्रीचे भय सतत डोक्यावर असतानाही या लोकांनी कुटुंबाची नाती जिवापाड जपली होती. आणि शिक्षण? १८७० साली कृष्णवर्णीयांत निरक्षर सुमारे ८० टक्के होते. १९१० साली ते प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. ज्यांना अक्षर शिकविणे गुन्हा होता, त्यांनी चाळीस वर्षांत हे केले. मोडलेल्या मनाची माणसे असे करीत नसतात.

एका स्त्रीचे उदाहरण देतो. इझाबेला ही न्यूयॉर्क राज्यातील गुलाम स्त्री. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर यास कायदा मोडून दूर अलाबामात विकण्यात आले. ती गप्प बसली नाही. तिने न्यायालयात धाव घेतली, आणि १८२८ साली एका गोऱ्या मनुष्याविरुद्ध निवाडा मिळवून मुलास परत आणले. मुलाच्या अंगावर माराचे वळ होते. पुढे १८४३ साली तिने गुलामीतले नाव टाकून सोजर्नर ट्रूथ, म्हणजे सत्याची यात्रेकरू, असे नाव स्वतः धारण केले. भय तिलाही होतेच. परंतु त्या भयाबरोबर तिच्या मुलीबाळींस वारशात ही न्यायालयाची पायरीही मिळाली.

मालकाच्या वंशजांचे मन

वारसा केवळ दबलेल्यांकडेच येतो असे मानणे ही आणखी एक चूक होय. अविदित आचार्य, मॅथ्यू ब्लॅकवेल आणि माया सेन या तिघा संशोधकांनी २०१६ साली असे दाखविले की दक्षिणेतील ज्या परगण्यांत १८६० साली गुलामांचे प्रमाण अधिक होते, तेथील आजच्या गोऱ्या रहिवाशांच्या मनात कृष्णवर्णीयांविषयी अधिक आकस आढळतो आणि त्यांना मिळणाऱ्या संधीस त्यांचा अधिक विरोध असतो. गुलाम गेले, कापसाची ती पद्धत गेली, तरी स्वस्त मजूर दाबून ठेवण्याच्या गरजेतून वाढविलेला तो विचार बापाकडून मुलाकडे चालत आला. तेव्हा ज्यास औषध द्यावयाचे ते मन एकट्या गुलामाच्या नातवाचे नव्हे. हे आपण जाणले म्हणजे लोकांच्या तिरस्काराचे कारण स्वतःमध्ये शोधण्याचे आपण थांबवू. तो तिरस्कार ज्याच्या घरातून आला त्याचा वारसा आहे.

आपल्या घरी काय करावयाचे?

आता आपल्याविषयी थोडे बोलून मी आटोपते घेतो. आपल्या वाडवडिलांनीही लेकरांस पुष्कळ सावधगिरी शिकविली: वाड्यावर गेल्यावर खाली पाहा, उलट बोलू नको, चांगले कापड घालून वेशीतून जाऊ नको. त्यांस दोष देऊ नका. त्या शिकवणीनेच आपण जिवंत राहिलो. परंतु आज ती शिकवण जशीच्या तशी पुढे द्यावयाची काय, याचा निर्णय आपल्या हाती आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा आहे. ही प्रतिज्ञा आपण समाजापुढे घेतली, तशी ती आपल्या लेकरापुढेही पाळावयाची आहे.

पहिली गोष्ट, मुलाची स्तुती झाली तर ती खाली पाडू नका. "कसला हुशार, असाच आहे" हे वाक्य तोंडाशी येईल तेव्हा त्या गुलाम आईची आठवण करा. तिला तसे म्हणणे भाग होते. आपणांस भाग नाही.

दुसरी गोष्ट, मुलांपासून इतिहास लपवू नका. आपण सांगितले नाही तर शाळेच्या आवारात त्यांस तो शिवीच्या रूपाने कळेल. पण नुसता अपमानाचा इतिहासही सांगू नका. जो लढला, जी शिकली, ज्याने पाणी भरले, त्यांची नावे सांगा. आजोबा-पणजोबांची नावे, गावे, कामे वहीत लिहून ठेवा. ज्यांच्या पूर्वजांची नावे नोंदवहीत आली नाहीत, ते आज ती शोधीत फिरत आहेत. आपल्या घरातील म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

तिसरी गोष्ट मी वकील म्हणून सांगतो: आपला हक्क माहीत करून घ्या आणि तो वापरा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी केली. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे ती जाहीर झाली १९ जून १८६५ रोजी. अडीच वर्षे तेथील माणसे कायद्याने मुक्त होती आणि शेतावर गुलाम म्हणून राबत होती. आपल्याकडेही असे पुष्कळ हक्क गॅल्व्हेस्टनपर्यंत पोहोचावयाचे आहेत. धर्मांतर केल्यास अनुसूचित जातीचे हक्क जातील, अशी भीती बौद्ध कुटुंबांस अजून घातली जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश त्या तरतुदीत स्पष्टपणे केलेला आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, २३ व्या कलमाने वेठबिगारी बंद केली आहे, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे. ठाण्यात फिर्याद द्यावयास जाल तेव्हा शक्य असल्यास घरातील मोठ्या मुलामुलीस बरोबर न्या. त्यांनी पाहू द्या की आपला बाप खुर्चीवर बसून बोलतो आणि लिहून दिल्याची प्रत मागून घेतो. दहा उपदेशांनी जे होणार नाही ते या एका दर्शनाने होईल. निकाल आपल्यासारखा लागेल किंवा न लागेल. मुलाच्या मनात मात्र त्या दिवशी नवा धडा उतरेल.

बंधुभगिनींनो, भयाचा वारसा रक्ताने येत नाही. तो बोलण्याने येतो, वागण्याने येतो, आणि जुलूम चालू राहिल्याने येतो. म्हणून दोन्ही कामे बरोबरीने केली पाहिजेत. बाहेर जुलमाविरुद्ध कायद्याने झगडले पाहिजे, आणि घरात मुलाशी नव्या भाषेत बोलले पाहिजे. नुसते दुसरे काम केले तर जग आपल्या मुलास पुन्हा जुने भय शिकवील. नुसते पहिले केले तर जिंकलेला हक्क वापरण्यास त्याचा हात उचलणार नाही. अमेरिकेतील मुक्त झालेल्या लोकांनी विरोधी कायदे आणि जमाव यांच्या छायेत चाळीस वर्षांत लेखणी हाती घेतली. आपणांजवळ घटना आहे, धम्म आहे आणि बाबासाहेबांनी घालून दिलेली वाट आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाशी पहिले वाक्य कोणते बोलावयाचे, याचा प्रत्येकाने विचार करावा, एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो.

जय भीम.